अर्काचं वजन आणि अर्कातलं औषध: शहादा तालुक्यातल्या अश्वगंधेचं एक प्रकरण

खरेदीदार कंपनीकडून परत आलेले दोन निळे ड्रम नानांच्या शेडच्या दाराशी उभे होते. आत 22 किलो 400 ग्रॅम अश्वगंधेचा कोरडा अर्क. सोबत आलेल्या कागदावर दोनच आकडे होते. करारात ठरलेलं विथॅनोलाइडचं, म्हणजे अश्वगंधेतल्या औषधी घटकांचं, प्रमाण किमान 2.5 टक्के, आणि तपासणीत निघालेलं 0.9 टक्के.

नाना माझ्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील. मी धुळ्यात बरीच वर्षं वनौषधींचा विषय शिकवला, त्या ओळखीवर त्यांनी फोन केला. शहादा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांच्या गटाची मुरमाड, हलकी जमीन आहे. पपईत दोनदा मार खाल्ल्यावर त्यांनी अश्वगंधा लावली. हे पीक अशा रानाला नवं नाही. आपल्याकडे बांधावर, उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवणारी जी ढोरगुंज किंवा आस्कंद म्हणतात, ती हीच. पावसाळा सरता सरता पेरायची, पाच-सहा महिन्यांनी पानं पिवळी पडून फळं लाल झाली की उपटायची. पाणी कमी लागतं, जनावर तोंड लावत नाही.

मुळ्या विकायच्या तर मोठा बाजार नीमचचा. शहाद्याहून खेतिया, सेंधवा, इंदूर करत मंदसौर-नीमचपर्यंत गाडी न्यायची म्हणजे भाडं आलं, हमाली आली, आणि भाव तिथे गेल्यावर कळायचा. म्हणून गटाने अर्क काढायचं ठरवलं. वाफेच्या जॅकेटचं 500 लिटरचं भांडं, गाळायला जाड मांजरपाट, आटवायला उघडी कढई, वाळवायला ट्रे ड्रायर. मुळीपेक्षा अर्काला भाव जास्त हा हिशोब बरोबर होता. चुकलं ते पुढे.

मी गेलो तेव्हा नानांनी आधी मला एक जुना रिपोर्ट दाखवला. पहिल्या घाणीचा, म्हणजे भांड्यात एका वेळी घातलेल्या मालाचा, नमुना त्यांनी एका खाजगी लॅबला पाठवला होता, त्यात विथॅनोलाइड 3.1 टक्के लिहिलं होतं. “सर, तोच माल, तोच ड्रम. तिथे तीन अन् इथे एकसुद्धा नाही. कोणीतरी खोटं बोलतंय.”

खोटं कोणीच बोलत नव्हतं. पहिल्या लॅबने वजनी पद्धत वापरली होती. अर्क द्रावकात विरघळवायचा, ठरावीक टप्प्यांनी वेगळा करायचा, शेवटी जे उरेल ते सुकवून तोलायचं. त्या उरलेल्या गाळात विथॅनोलाइड असतात, आणि त्यांच्या संगतीने आलेलं बरंच काही असतं. तराजूला त्यातला फरक कळत नाही. कंपनीची तपासणी एचपीएलसी नावाच्या यंत्रावर झाली होती. त्यात एकेक घटक वेगळा होऊन बाहेर येतो, 227 नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजला जातो आणि शुद्ध नमुन्याशी ताडला जातो. बाजारात एकच अर्क वजनी पद्धतीने 5 टक्के आणि एचपीएलसीने 2.5 टक्के म्हणून ओळखला जातो, हे या धंद्यातल्या माणसाला नवीन नाही. नानांना ते कोणी सांगितलं नव्हतं. करारावर सही करताना “कोणत्या पद्धतीने मोजणार?” हा एक प्रश्न विचारला असता तर पहिला ड्रम भरायच्या आधीच सगळं उघड झालं असतं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महाग पडलेला न विचारलेला प्रश्न हाच.

चीक

त्यांची रीत मी एकदा डोळ्यांनी पाहून घेतली. 40 किलो मुळी पल्व्हरायझरमधून, म्हणजे दळायच्या यंत्रातून, वस्त्रगाळ केलेली. त्यात 400 लिटर पाणी, आणि वाफ पूर्ण सोडून चार तास उकळी. नानांचा विचार साधा होता: पूड जितकी बारीक आणि उकळी जितकी दणदणीत, तितकं औषध जास्त उतरणार. कोणालाही पटेल असाच तो विचार आहे.

अर्ध्या तासाने भांड्यातला आवाज बदलला. पाण्याची खळखळ थांबली आणि पिठलं शिजताना येतो तसा जड बुडबुड्यांचा ‘भद, भद’ आवाज यायला लागला. भांड्यावर काम करणाऱ्या ताईंनी लाकडी फळी आत घालून वर काढली. फळीवरून पातळ काढा ओघळायला हवा होता. त्याऐवजी राखाडी-तपकिरी, चमकदार, तार धरणारा थर सावकाश खाली सरकला.

“हाऊ ते चीक शिजी गया, सर,” ताई म्हणाल्या.

मी चमकलो, कारण मला जे सांगायला फळा आणि खडू लागला असता ते त्यांनी चार शब्दांत सांगितलं होतं. उन्हाळ्यात कुरडया करणाऱ्या बाईला गव्हाचा चीक कोणत्या क्षणी पांढऱ्याचा पारदर्शक होतो ते हाताला कळतं. अश्वगंधेच्या मुळीत असाच चीक, म्हणजे स्टार्च, भरपूर असतो. मुळी मोडली की आत दिसणारा पांढरा शुभ्र गाभा तोच. बहुतेक वनस्पतींचा स्टार्च 60 ते 75 अंश सेल्सिअसच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतो, त्याचे कण फुटतात आणि खळ तयार होते. पूड वस्त्रगाळ असेल तर पेशी आधीच फाटलेल्या, त्यामुळे चीक लवकर बाहेर येतो. वर उकळीचं तापमान. दोन्ही मिळून 400 लिटर खळ.

खात्री करायला मी प्रथमोपचाराच्या पेटीतली आयोडीनची बाटली मागवली. परत आलेल्या ड्रममधला चिमूटभर अर्क स्टीलच्या वाटीत पाण्यात कालवला, पार थंड होऊ दिला आणि एक थेंब टाकला. तपकिरी थेंब वाटीच्या मधोमध पडला, आणि तिथून काळसर निळा रंग असा पसरला की नानांनी वाटी उचलून उजेडात धरली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे आम्ही कंपनीला कुरडया पाठवल्या.”

हिशोब मांडल्यावर चित्र स्पष्ट झालं. त्यांची मुळी तपासून घेतली तेव्हा तिच्यात विथॅनोलाइड 0.4 टक्के निघाले. 40 किलोच्या घाणीत म्हणजे 160 ग्रॅम. त्यातून 11 किलो 200 ग्रॅम अर्क निघत होता, म्हणजे मुळीच्या वजनाच्या 28 टक्के. हा उतारा पाहूनच गट खूश होता. पण 0.9 टक्क्याने त्या अर्कात विथॅनोलाइड 100.8 ग्रॅम. औषध 63 टक्के उतरलं होतं, ते काही वाईट नव्हतं. ते चिकात बुडालं होतं, एवढंच.

इथे आमच्या विषयातली एक खोड सांगायला हवी. वनस्पतींच्या अर्कावर लिहिताना ‘उतारा किती टक्के’ हे पहिल्या ओळीत येतं, कारण ते तोलता येतं. पण उतारा म्हणजे द्रावकाने मुळीतून जे जे ओढलं त्याची बेरीज: साखर, स्टार्च, डिंक, रंग, क्षार आणि थोडं औषध. म्हणून मी नानांच्या वहीत तीन रकाने आखून दिले: अर्काचं वजन, त्यातलं प्रमाण, आणि दोन्हींचा गुणाकार भागिले मुळीतलं मूळ औषध. तिसऱ्या रकान्याशिवाय पहिल्या दोन्हींना अर्थ नाही. नुसतं वजन वाढवायचं तर चीक शिजवा. नुसतं प्रमाण वाढवायचं तर पहिला वाटीभर काढा घ्या आणि बाकीचं ओतून द्या. दोन्ही सांभाळणं हेच खरं काम.

खोक्याचे आठ कोपरे

बदलायच्या गोष्टी तीन होत्या. भरड किती जाड, पाणी किती गरम, आणि पाणी एकदम घालायचं की हप्त्याहप्त्याने.

नानांचा मुलगा म्हणाला, एकेक बदलून बघू. आधी भरड ठरवू, ती पक्की झाली की तापमान. बहुतेक जण असंच करतात आणि इथेच फसतात, कारण या गोष्टी एकमेकींच्या हातात हात घालून चालतात. बारीक पूड उकळत्या पाण्यात सत्यानाश करते, पण तीच पूड कोमट पाण्यात कदाचित उत्तम काम करेल. उकळत्या पाण्यातच भरडीचा निकाल लावला तर बारीक पूड कायमची बाद होईल, आणि कोमट पाण्यात ती कशी वागते ते कधी कळणारच नाही.

म्हणून मी शेडमधलं पुठ्ठ्याचं एक रिकामं खोकं घेतलं. त्याची लांबी म्हणजे भरड: एका टोकाला वस्त्रगाळ, दुसऱ्या टोकाला यवकूट. उंची म्हणजे तापमान: खाली 58 अंश, वर 90. रुंदी म्हणजे पाणी: एकदा किंवा तीनदा. खोक्याला आठ कोपरे असतात, म्हणजे आठ प्रयोग. प्रत्येक कोपऱ्यावर चिठ्ठी चिकटवली. कारखान्यांत आणि प्रबंधांत यासाठी बॉक्स-बेनकेनसारखी आखणी वापरतात. तीन घटकांना त्यात मधला बिंदू तीनदा धरून 15 प्रयोग लागतात आणि उतार-चढाव बारकाईने कळतो. आमच्याकडे प्रत्येक एचपीएलसी नमुन्याचे पैसे मोजायचे होते, म्हणून आठावर भागवलं. प्रत्येक प्रयोगाला त्याच लॉटची अर्धा किलो मुळी आणि एकूण पाच लिटर पाणी.

यवकूट हा शब्द मी मुद्दाम वापरला. जवाएवढी भरड, असा त्याचा अर्थ. आयुर्वेदात काढ्यासाठी द्रव्य वस्त्रगाळ करत नाहीत, यवकूट करतात. वस्त्रगाळ चूर्ण मधातून, तुपातून, दुधातून पोटात घ्यायचं असतं. मी ही दोन नावं वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतली होती. त्यामागचं कारण मला त्या शेडमध्ये, ताईंच्या फळीवर तार धरलेली पाहून, पहिल्यांदा नीट उमगलं.

पाणी तीनदा घालण्याचा मुद्दा गटातल्या पुरुषांना पटेना. “पाणी तेवढंच, मग तीनदा घातलं काय अन् एकदा घातलं काय!” ताईंना मात्र लगेच पटला. साबणाचे कपडे खंगाळायला एकच बादली पाणी असेल तर ती एकदम ओतायची नाही. थोडं घ्यायचं, खंगाळायचं, पिळायचं, पुन्हा थोडं. टँकरची वाट पाहिलेल्या गावात हे कोणत्याच बाईला शिकवावं लागत नाही.

आकड्यांत ते असं दिसतं. 40 किलो भरड निथळल्यावरही स्वतःत साधारण 80 लिटर पाणी धरून ठेवते. 400 लिटर एकदम घातलं तर 320 लिटर बाहेर येतं आणि विरघळलेल्यातलं 80 टक्के हाती लागतं, 20 टक्के चोथ्यात अडकतं. तेच 200-200 करून दोनदा घातलं तर पहिल्यांदा 60 टक्के आणि दुसऱ्यांदा उरलेल्यातलं मिळून 88.6 टक्के. पहिल्यांदा 160 आणि मग 120-120 असं तीनदा घातलं तर 50, मग 30, मग 12, म्हणजे 92 टक्के. गंमत अशी की तिन्ही वेळा आटवायचं पाणी 320 लिटरच. सरपण तेवढंच, औषध जास्त.

प्रयोगांचे निकाल आले तेव्हा खोक्याचा वरचा वस्त्रगाळ कडेचा भाग पार कोसळला होता. तिथले दोन्ही नमुने गाळताना कापड दोनदा धुवावं लागलं आणि प्रमाण एक टक्क्याच्या खालीच. पण खालच्या बाजूला, 58 अंशांना, बारीक आणि जाड यांच्या प्रमाणात जेमतेम फरक होता. म्हणजे दोष एकट्या पुडीचा नव्हता आणि एकट्या उष्णतेचाही नव्हता. दोघी एकत्र आल्या की घात होत होता. बारीक पूड कोमट पाण्यातही गाळायला दुप्पट वेळ घेत होती, म्हणून यवकूट, 58 अंश, तीन पाणी हा कोपरा निवडला. चिठ्ठीवर ताईंनी पेनाने गोल केला.

मोठ्या भांड्यात ताई वाफेची चावी हातात धरून बसल्या आणि काटा 55 ते 60 च्या मध्ये ठेवला. काढा पाण्यासारखा निथळला. आयोडीनचा थेंब टाकला तर किंचित जांभळट छटा, बस. अर्क निघाला 5 किलो 600 ग्रॅम, आधीच्या बरोबर निम्मा. नानांचा चेहरा उतरला. आठवड्याने रिपोर्ट आला: 1.7 टक्के.

1.7 म्हणजे आधीच्या जवळपास दुप्पट. पण तिसरा रकाना भरला तर 95.2 ग्रॅम, 59.5 टक्के. आधीपेक्षा थोडं कमीच. हा आकडा मला रात्रभर छळत राहिला. तीनदा खंगाळल्यावर विरघळलेल्यातलं 92 टक्के यायला हवं होतं. आलं 59.5. मग बाकीचं कुठे गेलं? थोडं आटवताना उष्णतेत गेलं असेल. पण मोठा भाग चोथ्यातच होता, आणि तिथेच राहणार होता, कारण तो पाण्यात उतरतच नाही.

पाण्याची हद्द

अश्वगंधेतले विथॅनोलाइड एका स्वभावाचे नाहीत. विथाफेरिन-ए हा त्यांतला सगळ्यात अभ्यासलेला घटक. त्याची रचना 1965 मध्ये इस्रायलमध्ये डेव्हिड लावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडली. त्याला स्टेरॉइडचा सांगाडा आहे, पाण्याशी त्याचं फारसं जमत नाही. विथॅनोसाइड मात्र साखरेचे रेणू अंगावर घेऊन असतात, ते पाण्यात सहज जातात. नुसतं पाणी वापरलं की एक घर भरतं आणि दुसरं रिकामं राहतं. नुसता कडक अल्कोहोल वापरला तर उलटं. म्हणून 60-70 टक्के अल्कोहोल आणि बाकी पाणी असं मिश्रण दोघांनाही ओढतं. शिवाय अल्कोहोलमध्ये स्टार्च फुगत नाही, मुळीतच बसून राहतो.

जुन्या लोकांनी हे वेगळ्या वाटेने गाठलं होतं. अश्वगंधेचा नुसता काढा त्यांनी फार मिरवला नाही. तिचा क्षीरपाक केला: एक भाग द्रव्य, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी, दूध उरेपर्यंत आटवायचं. तिचं घृत केलं, आणि अरिष्ट केलं, ज्यात आंबवण्यातून आपोआप थोडा अल्कोहोल तयार होतो. तिन्हींत पाण्याच्या जोडीला दुसरं काहीतरी आहे, स्निग्धता किंवा मद्य. मी याला आधुनिक रसायनशास्त्राचा पुरावा म्हणणार नाही. पण कल्प, म्हणजे औषधाचं रूप, निवडणाऱ्याचा हात जाणता होता असं मला मनापासून वाटतं.

अल्कोहोल वापरायचा तर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, बंद भांडी लागतात, ठिणगी न उडवणाऱ्या मोटारी लागतात. तीव्र अल्कोहोलची वाफ तेरा-चौदा अंशांनाही पेट घेऊ शकते, आणि शहाद्यात एप्रिलच्या दुपारी शेडमध्ये चाळीसच्या वर पारा. नानांच्या मुलाने विचारलंच, “सर, झाकण घट्ट लावून आपल्याच भांड्यात करून पाहू का?” मी त्याला सरळ नाही म्हटलं आणि शेडच्या कोपऱ्यातली उघडी चूल दाखवली.

या दरम्यान माझ्या हातून एक चूक झाली, तीही इथे नोंदवतो. उष्णता टाळायची तर थंड पाण्यात रात्रभर भिजवून पाहू, असं मी सुचवलं. पाच किलो भरड, साध्या पाण्यात, संध्याकाळी. सकाळी शेडचं दार उघडलं तर आंबलेल्या ताकासारखा वास आणि पाण्यावर फेस. खान्देशातली एप्रिलची रात्र थंड नसते. मुळीला चिकटलेले जिवाणू, भरपूर साखर-स्टार्च आणि तीस अंशांचं पाणी, दुसरं काय होणार? प्रयोगशाळेत वातानुकूलित खोलीत केलेलं काम मी जसंच्या तसं शेडमध्ये आणलं होतं. पाच किलो मुळी वाया गेली. ती शेतकऱ्याच्या घामाची होती, म्हणून तिची भरपाई मी केली. 58 अंशांचा दुसरा फायदा त्या दिवशी सगळ्यांना कळला: त्या तापमानाला चीक शिजत नाही आणि नेहमीचे जिवाणूही वाढत नाहीत.

त्याच आठवड्यात माल घेणारा एक दलाल शेडवर आला. त्याने सोपा उपाय सांगितला: “थोडी पानं टाका मुळ्यांत. आकडा चढतो.” चढतो, हे खरं आहे. पानांत विथाफेरिन-ए मुळीपेक्षा जास्त असतं. पण मुळीच्या नावाखाली पानं विकणं ही फसवणूक आहे, आणि औषधातली फसवणूक शेवटी कोणाच्या तरी पोटात जाते. आयुष मंत्रालयाने 2021 मध्ये उत्पादकांना अश्वगंधेची पानं न वापरण्याची सूचना दिली आहे. एचपीएलसीवर घटकांचं आपसातलं प्रमाण बिघडलेलं दिसतं, त्यामुळे पकडलंही जातं. नानांनी दलालाला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

बारीक मुळी

खरी कलाटणी भांड्यात आलीच नाही, ती आली पोत्यांत. मी विचारलं, अर्काला कोणती मुळी घालता? नाना अभिमानाने म्हणाले, “एक नंबर. जाड, गुळगुळीत, कटकन मोडणारी, आतून पांढरी. अर्क चांगला हवा तर माल चांगला नको का?” आणि बारीक, तंतू असलेली मुळी? ती कोपऱ्यात पोत्यांत पडली होती, पडेल भावाने जायची वाट बघत.

बाजार अश्वगंधेची प्रतवारी जाडीवर आणि पांढऱ्या गाभ्यावर करतो. चूर्णासाठी ते ठीक आहे, चूर्ण पांढरं दिसतं, दळायला सोपं जातं. पण पांढरा गाभा म्हणजे स्टार्च. विथॅनोलाइड सालीकडे जास्त, आणि बारीक मुळीत गाभ्याच्या मानाने साल जास्त. कोपऱ्यातल्या पोत्यातला नमुना पाठवला: 0.55 टक्के. गट इतके दिवस महागडी मुळी उकळून तिचा चीक काढत होता, आणि अर्काची खरी मुळी मातीमोल विकत होता.

बारीक मुळीला एक खोट आहे. तंतूंत माती अडकते आणि अर्कात राख वाढते. शेडमागच्या मोकळ्या जागेत मिरचीची पथारी असायची, तिथेच आधी मुळ्या वाळत. ते बंद केलं. मुळ्या आता वाहत्या पाण्यात झटपट धुतात, भिजत ठेवत नाहीत, आणि जाळीवर सावलीत सुकवतात.

बारीक मुळीच्या यवकूटाचा, 58 अंशांच्या तीन पाण्यांचा अर्क 2.3 टक्के आला. दोन दशांशांनी हुकला. गटाला त्या दिवशी वाईट वाटलं, मला नाही. नुसत्या पाण्यावर, उघड्या कढईत आटवून एवढं गाठणं हे चांगलं काम होतं, आणि मी तसं त्यांना सांगितलं.

शेवटची पायरी गटाने स्वतःच्या शेडमध्ये केली नाही. परवाना असलेल्या एका कारखान्याकडून मजुरीवर काम करून घेण्याचं ठरवलं. तुलना चोख राहावी म्हणून पहिली घाणी मुद्दाम जुन्याच जाड मुळीची दिली: 40 किलो यवकूट, 70 टक्के अल्कोहोल, बंद भांडं, मग कमी दाबाखाली 50 अंशांच्या आत आटवणं. अर्क 4 किलो 400 ग्रॅम, प्रमाण 3.0 टक्के. विथॅनोलाइड 132 ग्रॅम, म्हणजे मुळीतल्या 160 पैकी 82.5 टक्के. याचं सगळं श्रेय अल्कोहोलला देऊ नये. निर्वात आटवण्याने उष्णतेचा मार वाचला, त्याचाही वाटा आहे. दोन्ही एकाच वेळी बदलल्यामुळे कोणाचा किती, हे या एका घाणीवरून सांगता येत नाही.

परत आलेले ते दोन ड्रमही त्याच कारखान्यात पाठवले. 70 टक्के अल्कोहोलमध्ये अर्क ढवळला की चीक तळाशी बसतो आणि बरंचसं औषध वर राहतं. वरचं निथळून आटवलेला माल करारात बसला. पण मजुरी आणि वाया गेलेला अल्कोहोल धरला तर हातात फार काही उरलं नाही. पहिल्यांदाच नीट काढणं आणि नंतर दुरुस्त करणं यांतला फरक नानांच्या वहीत रुपयांत लिहिलेला आहे.

आता गट काम वाटून करतो. जाड मुळी नीमचला जाते. बारीक मुळी धुऊन, वाळवून, शेडमध्येच यवकूट होते आणि भरड म्हणून मजुरीच्या कारखान्यात जाते. वाफेचं भांडं रिकामं राहिलं नाही. 58 अंशांचा पाण्याचा अर्क ‘जलीय अर्क, 2 टक्के, एचपीएलसीने’ असं स्पष्ट लिहून एका दुसऱ्या खरेदीदाराला जातो. भाव कमी, पण परत काही येत नाही. आटवण्यासाठी निर्वात कढई घ्यायची की नाही यावर गटात अजून दोन मतं आहेत. माझं मत, आधी ती घ्यावी, अल्कोहोलचा विचार नंतर.

मागच्या पंधरवड्यात गेलो होतो तेव्हा नाना मला वावरात घेऊन गेले. बांधाच्या अलीकडे रोपं हातभर अंतराने, मोकळी वाढलेली. पलीकडच्या पाऊण एकरात बी दाट फेकलेलं, रोपं एकमेकांना खेटून उभी. दाट पेरलं की मुळीला जागा मिळत नाही, ती बारीक राहते. वर्षानुवर्षं जे टाळायला त्यांनी विरळणी केली तेच यंदा मुद्दाम केलं होतं. दोन्हींकडची मुळी फेब्रुवारीत वेगवेगळी उपटायची, वेगळी तोलायची, वेगळी तपासायची असं ठरलंय. नानांनी दाट वाफ्यातलं एक रोप उपटून मुळी झटकली, नखाने साल थोडी सोलली आणि मला वास घ्यायला दिली. घोड्याच्या अंगासारखा तो उग्र वास, ज्यावरून हिला नाव पडलं. जाड मुळीला मी तो इतका कधी घेतला नव्हता.